‘पवनसुरंग’? वारा काय उडवायचाय?

विचारणा अशी : विमानाचे नमुने वाऱ्यात तपासायच्या ‘विंड टनेल’ला मराठीत ‘पवनसुरंग’ म्हटलं तर चालेल का?

नाही. हिंदीत खुशाल चालतं. मराठीत सुरुंग लावतात, पेरतात, उडवतात. त्यात विमानाची प्रतिकृती ठेवून वारा सोडत नाहीत. हल्ली साध्या रेल्वेच्या बोगद्यालाही ‘सुरंग’ म्हणणारे भेटतात. कान किटले.

शब्द मात्र मोठा रंगेल. कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त ‘सुरुङ्गा’ आहे, अर्थ भुयार. बरेच अभ्यासक तो ग्रीक ‘सूरिंक्स’वरून आला असं मानतात. सूरिंक्स म्हणजे आधी बोरूची नळी, त्यातून पावा, आणि मग तटाखाली खणलेलं नळीसारखं भुयार. डॉक्टरांच्या हातातली सिरिंज त्याच घरची! पुढे तोफेची दारू आली, तेव्हा वेढा घालणारे त्याच भुयारात दारू ठासून बत्ती देऊ लागले. हिंदीनं बीळही ठेवलं, मराठीनं नुसती दारू. ‘सु + रंग’ अशी फोड करणाऱ्या पंडितांनी भुयाराच्या अंधारात कोणता रंग पाहिला, देव जाणे.

आणि खरी गंमत पुढेच आहे. विंड टनेल मूळ अर्थानं सूरिंक्सच! राइट बंधूंनी 1901 साली अमेरिकेत डेटनला आपल्या सायकलच्या दुकानात केलेली पेटी बघा : सहा फूट लांब, आतून 16 इंच चौरस, एका तोंडाशी पंखा. आत करवतीच्या जुन्या पात्यांचा आणि सायकलच्या स्पोकच्या तारेचा, वाऱ्याचा जोर मोजणारा तराजू, त्यावर बोटभर पत्र्याचे पंख. दोनशेच्या आसपास तपासले. विमान जागेवर, धावतो तो वारा. पंखाला त्यातला फरक कळत नाही. वारा भोवरे घेत आला तर मापं फुकट, म्हणून वाटेत जाळी लावून तो सरळ करायचा. पावा वाजवणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. म्हणजे हा पावाच, फुंकणारा तेवढा पंखा.

विंड टनेलला ‘वातविवर’ म्हणणाऱ्यांनी माफ करावं. वात म्हटलं की गुडघे आठवतात आणि विवर म्हटलं की कृष्णविवर. ‘वायू’ सिलिंडरमध्ये भरतात. हवा असते, वारा सुटतो. इथे सुटलेला लागतो. आणि बोगद्याला डोंगर हवा, या पेटीला कुठला डोंगर? माझं मत ‘वारानळी’ला. प्रयोगशाळेतली मंडळी ‘विंड टनेल’च म्हणतात, त्यांचं काही अडत नाही.