अणुइंधन पुरण्यासाठी खडक कसा पारखतात?

वापरलेले अणुइंधन पुरण्यास एखाद्या ठिकाणचा खडक योग्य आहे हे कसे ठरते, असा आपला प्रश्न आहे. खडक कठीण असणे पुरेसे नसते. त्यातून पाणी किती आणि कोणत्या वाटेने वाहते, हे अधिक महत्त्वाचे असते. असे इंधन पुरण्यासाठी निवडलेल्या फिनलंडमधील ओल्किलुओटो येथील नाइस (उष्णता व दाबाने बनलेला पट्टेदार) खडक सुमारे १९० कोटी वर्षांचा आहे. तेथे खोल विंधनविवरांतून काढलेल्या दंडगोल नमुन्यांवरील भेगा, त्यांचा कल आणि त्यांत साचलेली खनिजे बारकाईने नोंदवली गेली, कारण भेगेच्या भिंतीवरील पायराइटचा (लोह व गंधकाच्या खनिजाचा) चकचकीत थर गंज न चढता टिकला असेल, तर ऑक्सिजनयुक्त पाणी तेथवर पोहोचले नसल्याचा तो बोलका पुरावा ठरतो. इंधन तांब्याच्या डब्यांत ठेवायचे असल्याने खोलीवरील पाण्याचा खारटपणा आणि त्यातील तांबे गंजवणारे सल्फाइडही तपासावे लागते. हिमयुगातील बर्फाचे ओझे उतरल्यामुळे तेथील जमीन अजूनही वर्षाला सुमारे ६ मिलिमीटर वर उचलली जात आहे, त्यामुळे भूजलाचा प्रवाह भविष्यात कसा बदलेल याचाही हिशोब करावा लागला. माझ्या मते निर्णायक टप्पा २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘ओन्कालो’ या तेथील भूमिगत संशोधन-बोगद्याचा होता, कारण विवरांवरून बांधलेले अंदाज सुमारे ४०० मीटर खोलीवर प्रत्यक्ष खडकाशी ताडून पाहता आले.