सोसायटीच्या बाहेरच्या भिंतींच्या रंगकामात माझ्या गडद निळ्या गाडीवर पांढरे शिंतोडे पडलेत, दोन-तीन दिवस झाले. रंगारी म्हणतो थिनरने पुसून देतो. पुसू देऊ का?

नका देऊ. रंगारी मनाने चांगला असेल, पैसेही घेणार नाही, पण त्याच्या हातातलं फडकं सकाळपासून भिंतीवर, ब्रशवर आणि डब्याच्या काठावर फिरलेलं असतं. त्यात पुट्टीची कणी असते. शिंतोडे जातील, पण तुमच्या गडद निळ्या बॉनेटवर उन्हात चमकणारे गोल गोल ओरखडे राहतील आणि ते घालवायला जास्त पैसे पडतील.

मी डेंटिंग-पेंटिंगचं काम करतो. पावसाळा संपून इमारतींना परांच्या बांधल्या की अशा गाड्या हटकून येतात.

काम बाहेरच्या भिंतींचं आहे आणि डाग दोन-तीन दिवसांचे, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे हा बहुतेक पाण्यातला इमल्शन रंग. तरी रंगाऱ्याला डबा दाखवायला सांगा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. इमल्शन वाळताना पाणी उडून जातं आणि ॲक्रिलिकचे बारीक कण एकमेकांना धरून पापुद्रा बनवतात. तो पाण्यात पुन्हा विरघळत नाही, पण नरम पडतो. आपल्याला तेवढंच हवंय.

गाडी सावलीत घ्या. बॉनेट हाताला गार लागल्याशिवाय सुरुवात करू नका. आधी भरपूर पाणी मारून धूळ-सिमेंट उतरवा, मग गाडीच्या शाम्पूने धुवा. आता मायक्रोफायबरचं फडकं कोमट शाम्पूच्या पाण्यात बुडवून डागांवर नुसतं टाकून ठेवा, दहा मिनिटं तरी. घासू नका. फडकं उचललं की एखाद्या थेंबाच्या कडेला नख लावून बघा. कड सुटली असेल तर टिकली निघावी तसा अख्खा थेंब उचलला जातो. नाही सुटली तर पुन्हा भिजवा. नेहमी कडेकडून मधे या. मधूनच खरवडलंत तर वरचा जाड भाग निघतो आणि खाली पांढरी रिंग चिकटून बसते, ती जास्त छळते. नखाऐवजी जुनं एटीएम कार्ड ओल्या फडक्यात गुंडाळून चालेल. ब्लेड फक्त काचेवर, तेही साबणाच्या पाण्याने काच ओली ठेवून.

एवढ्यावर न निघालेल्या थेंबांना मेडिकलमध्ये मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल निम्मं पाणी घालून लावा. कापसाचा बोळा थेंबावर अर्धा मिनिट टेकवायचा, पुसायचं, लगेच पाण्याने धुवायचं. पहिल्यांदा दाराच्या आतल्या कडेला, कुणाला दिसणार नाही अशा जागी करून बघा.

ग्रिल-दारांचा ऑइलपेंट उडाला असेल तर मात्र हिशोब वेगळा. तो हवेतला ऑक्सिजन घेऊन कडक होतो आणि हे आठवडेच्या आठवडे चालू राहतं. ताजा असेपर्यंत टर्पेंटाइनने निघतो. फडक्याचा कोपरा ओला करून तेवढ्याच थेंबावर लावा, नंतर शाम्पूने धुवा. महिनाभर जुना असेल तर टर्पेंटाइनला दाद देत नाही, मग कंपाउंडच, म्हणजे रंगाचा वरचा थर किंचित घासून काढणारी पेस्ट.

थिनरला माझा एवढा विरोध का? कंपनीतला मूळ रंग साधारण 140 अंशांवर भाजलेला असतो, त्यावर थिनरचा एक हात फिरला तर बहुतेक वेळा काही होत नाही. रंगारी ‘काही होत नाय साहेब’ म्हणतो ते यामुळेच. पण गाडीचा एखादा पत्रा आधी कुठे रंगवून घेतलेला असेल, विशेषतः स्प्रेच्या डब्याने टचअप केलेलं असेल, तर तो रंग सुरकुततो किंवा सरळ फडक्यावरच येतो. सेकंडहँड गाडीत कुठला पत्रा रंगवलाय हे मालकालाही ठाऊक नसतं. हेडलाइटच्या प्लास्टिकवर तर थिनर किंवा पेट्रोल चुकूनही नको, बारीक तडे जाऊन ते कायमचं धुरकट होतं.

मोठे थेंब निघाल्यावर हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून टपावरून हात फिरवा. बोटांना खरखर लागली तर रंगाचा फवारा बसलाय. डोळ्यांना दिसत नाही, पण असतो. त्यासाठी क्ले बार घ्या, म्हणजे रंगावर चिकटलेले कण ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी. पृष्ठभाग शाम्पूच्या पाण्याने बुळबुळीत ठेवा, क्ले हलक्या हाताने सरळ रेषेत पुढे-मागे फिरवा, मळला की घडी घालून स्वच्छ बाजू वर आणा. जमिनीवर पडला तर तो तुकडा फेकून द्या, धुऊन वापरू नका.

शेवटी हलकं पॉलिश आणि वॅक्स. कंपाउंड जपून. सगळ्यात वरचा पारदर्शक थर साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा असतो आणि कंपाउंड दर वेळी त्यातलाच थोडा खातं. कडांवर आणि पत्र्याच्या घड्यांवर तो आणखी पातळ असतो, तिथे पॉलिशचं मशीन लावूच नका.

आणि परांची उतरेपर्यंत गाडी दुसरीकडे लावा. कव्हर घातलंय म्हणून बिनधास्त राहू नका. कापडी कव्हरातून ओला रंग झिरपतो, वाळतो, आणि मग कव्हरच टपाला चिकटलेलं घेऊन लोक माझ्याकडे येतात.