सिगारेट सुटली, पण मन थाऱ्यावर नाही

प्रश्न : २२ वर्षांची सिगारेटची सवय सोडून मला १२ दिवस झाले. क्षुल्लक कारणावरून मी चिडतो, झोप नीट लागत नाही आणि जिवलग सोबती गमावल्यासारखे रिकामे वाटते. घरच्यांशी बोलण्याचा संकोच वाटतो. हे स्वाभाविक आहे का?

उत्तर : होय, स्वाभाविक आहे, आणि तो रिकामेपणा आपण इतक्या नेमक्या शब्दांत मांडलात, याचे मला मोल वाटते. इतकी वर्षे प्रत्येक विश्रांतीला, प्रत्येक काळजीला जी सोबत होती ती गेल्यावर दुःख होणारच. रक्तातील निकोटिन साधारण २ तासांत निम्म्यावर येते, त्यातून तगमग सुरू होते आणि पुढची सिगारेट ती शमवते. म्हणून सिगारेटमुळे ताण हलका होतो असे वाटत राहते, प्रत्यक्षात त्या ताणाचा बराचसा भाग तिनेच निर्माण केलेला असतो. चिडचिड व निद्रानाश पहिल्या आठवड्यात तीव्र असतात आणि बहुतेकांच्या बाबतीत २ ते ४ आठवड्यांत ओसरतात. तलफेची एकेक लाट तर काही मिनिटांचीच असते.

घरच्यांना मात्र आजच सांगा. उपदेश नको, तलफ आल्यावर थोडा वेळ सोबत बसा, एवढीच स्पष्ट विनंती करा. कारण न सांगितलेली चिडचिड त्यांना राग वाटते. डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटिनचे पॅच किंवा च्युइंगगम घेता येते, आणि सोबत समुपदेशन असल्यास यशाची शक्यता वाढते. उदासी आठवडे उलटूनही हटली नाही, किंवा जगणे नकोसे वाटले, तर त्वरित मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.