नवा मीटर, आणि वसुली मागच्या दोन वर्षांची

प्रश्न: शिवाजी उद्यमनगरात माझं टर्निंगचं छोटं शॉप आहे. मंजूर भार १५ एचपी. जुना मीटर काढून स्मार्ट मीटर बसवला, आणि पहिल्याच बिलात कमाल मागणी (महिन्यात एका वेळी घेतलेला सर्वाधिक भार) १४.२ किलोवॅट आली. पाठोपाठ वीज कंपनीचं पत्र: ‘आपण जादा भार वापरता, मागील २४ महिन्यांचे १ लाख १८ हजार भरा, अन्यथा पुरवठा खंडित करू.’ हायकोर्टाचं सर्किट बेंच आता कोल्हापुरातच आहे. सरळ तिथे रिट याचिका टाकू का?

उत्तर: रिट आत्ता नको. बेंच दाराशी आलं तरी ‘कायद्याने दिलेल्या मंचाकडे का गेला नाहीत?’ हा प्रश्न सुटत नाही, आणि बहुतेक वेळा याचिका तिथेच अडते.

१५ एचपी म्हणजे साधारण ११.२ किलोवॅट, म्हणजे त्या महिन्यात भार ओलांडला हे खरं. पण तेवढ्यावरून मागची दोन वर्षं काढता येत नाहीत. वीज ग्राहक हक्क नियम, २०२० मध्ये जून २०२३ ला झालेली दुरुस्ती यावर स्पष्ट आहे: स्मार्ट मीटरने नोंदवलेल्या मागणीवरून, तो बसवण्यापूर्वीच्या काळासाठी दंडात्मक आकार लावता येत नाही. ज्या महिन्यात भार ओलांडला त्या महिन्याचं बिल प्रत्यक्ष मागणीवर निघेल, ते मान्य करा. मंजूर भार वाढवायचा तर आर्थिक वर्षात किमान तीनदा ओलांडलेला हवा, आणि त्यातला सर्वांत कमी आकडा धरायचा. तुमचा एकच महिना आहे.

एक खबरदारी. कार्यालयात याच मीटरला ‘टीओडी मीटर’ (वेळेनुसार दर मोजणारा) म्हणतात, म्हणजे ‘हा स्मार्ट मीटरच नाही’ असं म्हणायला जागा राहते. मीटर बदलाच्या अहवालाची प्रत मागून घ्या. मीटरचा प्रकार आणि बसवल्याची तारीख त्यावर हवी. सगळी बाजू त्या तारखेवर उभी आहे.

आता अडचणीचा भाग. पत्रात कलम लिहिलेलं नाही, ते लेखी विचारा. वीज कायदा, २००३ चं कलम १२६ (अनधिकृत वापराची आकारणी) लावलं असेल तर वीज ग्राहकांसाठीचा तक्रार निवारण मंच ते प्रकरण ऐकत नाही. मंजूर भारापेक्षा जादा वापर हा ‘अनधिकृत वापर’ ठरू शकतो, असं सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये सीताराम राईस मिल प्रकरणात म्हटलंय, त्यामुळे हा धोका हसण्यावारी नेऊ नका. पण त्या वाटेलाही शिस्त आहे: आधी तात्पुरती आकारणी, मग तुमच्या हरकती आणि सुनावणी, मग अंतिम आदेश. त्यावर ३० दिवसांत कलम १२७ खाली अपील, निम्मी रक्कम भरून. आणि वापर नेमका कधीपासून हे ठरवता येत नसेल तर आकारणी तपासणीच्या आधीच्या १२ महिन्यांपुरतीच. २४ महिने आले कुठून, हे त्यांनी सांगायचं.

कलम १२६ नसेल तर कार्यालयात लेखी तक्रार द्या, पोच घ्या, आणि मग ग्राहक तक्रार निवारण मंच. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, पण तुम्ही या आठवड्यातच जा. निकाल विरोधात गेला तर ६० दिवसांत विद्युत लोकपालांकडे.

वीज तोडण्याची धमकी लगेच खरी करता येत नाही. कलम ५६ प्रमाणे पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. शिवाय मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यातली कमी असेल ती ‘हरकत राखून’ भरली की वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. चालू बिल मात्र थकवू नका. थकबाकीदाराचं गाऱ्हाणं कुणी मनापासून ऐकत नाही.

मीटरचा लोड सर्व्हेही मागा. मागणी कुठल्या वेळी चढली ते त्यात दिसेल. कमाल मागणी ही ठराविक मिनिटांची सरासरी असते. मोटर सुरू होतानाच्या झटक्याने ती फारशी चढत नाही, लेथ, कॉम्प्रेसर आणि वेल्डिंग एकदम चालवल्याने चढते. वेल्डिंग दुपारकडे सरकवा. जून २०२३ च्या त्याच दुरुस्तीत सौर तासांचा (दिवसाच्या उन्हाच्या वेळेचा) दर किमान २० टक्के कमी आणि उद्योग-व्यापारासाठी गर्दीच्या तासांचा दर किमान १.२ पट ठेवायला सांगितलंय, म्हणजे संध्याकाळी सगळी यंत्रं एकत्र लावणं दोन्हीकडून महाग. मार्चअखेरपर्यंत आणखी दोनदा आकडा ओलांडला तर भारवाढ टाळता येणार नाही. कामच वाढलं असेल तर स्वतःहून वाढीव भाराचा अर्ज केलेला बरा.