पाठ करण्याआधी गोष्ट वाच

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. तुझा मेसेज सकाळीच वाचला. दोन ओळींत उत्तर देण्यासारखा तो नव्हता, म्हणून दुपारची कामं आटोपून निवांत लिहायला बसले आहे.

तू लिहिलंस की बारावीच्या इंग्रजीत ग्रामर जमतं, पत्र आणि रिपोर्ट लिहिता येतात, पण कविता आणि कादंबरी आली की हात थांबतो. गाइडमधली उत्तरं पाठ केली तर दोन दिवसांत एकमेकांत मिसळतात. सराव परीक्षेत एका पात्राचं वर्णन दुसऱ्याच्या नावावर लिहून आलीस. आणि शेवटी, ‘मराठी मीडियमची आहे ना, माझं इंग्लिशच कच्चं आहे.’

हे शेवटचं वाक्य मला मान्य नाही. ज्या मुलीला रिपोर्ट नीट लिहिता येतो, तिचं इंग्रजी बारावीच्या पेपरला पुरेल एवढं आहे. अडचण इतकीच आहे की तू अजून ती गोष्ट वाचलेलीच नाहीस. तू वाचली आहेस गोष्टीवरची उत्तरं. आता बोर्डाची कृतिपत्रिका सरळ प्रश्न विचारत नाही. हाच प्रसंग अमुक पात्राच्या तोंडून सांग, तू तिथे असतीस तर काय केलं असतंस, शेवट वेगळा करून लिही, असं काहीतरी येतं. तिथे पाठ केलेलं उत्तर वळत नाही. ज्याने गोष्ट वाचली आहे त्याला ती कुठूनही सांगता येते.

सुरुवात कवितेपासून कर, आणि कवितांमध्येही दिलीप चित्र्यांच्या ‘फादर रिटर्निंग होम’पासून. ती तुझ्या घराच्या सगळ्यांत जवळची आहे. चित्रे बडोद्यात जन्मले, लहानपणीच मुंबईत आले, मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत कविता लिहीत राहिले. तुकोबांचे अभंग इंग्रजीत नेणारे हेच. त्यामुळे या कवितेतली भाषा इंग्रजी असली तरी तिच्यातली लोकल, पावसाळा आणि चिखल आपला आहे.

डिक्शनरी बाजूला ठेव आणि कविता दोनदा मोठ्याने वाच. मग फक्त एवढं शोध: हा माणूस एकामागून एक काय काय करतो? तो संध्याकाळच्या उशिराच्या गाडीत पिवळ्या उजेडात उभा आहे. बाहेर उपनगरं सरकतात, पण त्याचं लक्ष नाही. कपडे भिजलेले, रेनकोटवर चिखल, पिशवीत कोंबलेली पुस्तकं. उतरतो, घाईने प्लॅटफॉर्म पार करतो, रूळ ओलांडतो, गल्लीत शिरतो. घरी पांचट चहा, शिळी चपाती, हातात पुस्तक. मग संडासात जाऊन विचार करत बसतो. बेसिनपाशी गार पाण्याने हात धुताना थरथरतो. शेवटी रेडिओची खरखर ऐकत झोपी जातो. एवढं मराठीत ओळीने सांगता आलं की अर्धी कविता तुझी झाली.

आता गाइड काय म्हणतं ते बघ. ‘या कवितेची थीम एकाकीपणा आणि परात्मता ही आहे.’ खोटं नाही ते. पण तपासणाऱ्या शिक्षकांच्या पुढ्यात त्या दिवशी हेच वाक्य गठ्ठ्यागणिक येणार आहे. तुझं उत्तर वेगळं दिसेल ते तपशिलामुळे. संडासाच्या ओळीला वर्गात मुलं हसतात. तुमच्या वर्गातही हसली असतील. पण जरा विचार कर. गर्दीच्या गाडीतून गर्दीच्या शहरातल्या लहानशा घरात आलेल्या माणसाला दार लावून एकटं बसायला दुसरी जागा कुठे आहे? माणसाने उभारलेल्या जगात माणूसच परका का, हा एवढा मोठा प्रश्न त्याला तिथे बसून सोडवावा लागतो. हे तू दोन साध्या इंग्रजी वाक्यांत लिहिलंस तरी वाचणारा थांबेल.

अजून एक जागा दाखवते. ती मला या कवितेत सर्वांत जास्त आवडते. झोपताना त्या माणसाला स्वप्नं पडतात पूर्वजांची आणि नातवंडांची. मधली पिढी कुठे गेली? त्याची स्वतःची मुलं? थोडंसं आधीच सांगितलं आहे की ती फुरंगटलेली मुलं त्याला आपले विनोद आणि गुपितं सांगत नाहीत. म्हणजे जागेपणी जी दूर आहेत ती स्वप्नातही नाहीत. आणि कवितेचे पहिले शब्दच ‘माझे वडील’ असे आहेत, तेव्हा कविता सांगणारा त्या मुलांपैकीच एक. तेव्हा जे बोललं गेलं नाही ते तो आता कवितेत बोलतो आहे. त्या मुलांना नावं ठेवत बसू नकोस, आणि ‘आपण आईवडिलांना वेळ दिला पाहिजे’ असा सुविचारही उत्तराला जोडू नकोस. कवीने तो लिहिलेला नाही.

ॲप्रिसिएशनची भीती वाटते म्हणालीस. अगं, दहावीला मराठीच्या पेपरात तू कवितेचं रसग्रहण लिहिलंच आहेस. मध्यवर्ती कल्पना, भाषेची वैशिष्ट्यं, अलंकार, कविता का आवडली, हेच मुद्दे इथेही आहेत. फक्त अलंकार नुसता ओळखून सोडू नकोस. लांबलचक वाक्यातून एखादा शब्द गळून पडावा तसे वडील गाडीतून उतरतात, ही सिमिली आहे हे सगळेच लिहितात. शब्द गळला तरी वाक्य पुढे जातंच, तशीच गाडीही त्याच्यावाचून पुढे जाते, कुणाला काही फरक पडत नाही, हे लिही. कवीने ती उपमा का घेतली, याचं उत्तर तिथे आहे.

कादंबऱ्यांचं दुखणं वेगळं आहे. पुस्तकात उतारा दिलेला असतो, पूर्ण कादंबरी नसते. आधीचं-नंतरचं माहीत नसताना पात्रं डोक्यात बसणार कशी? म्हणून आधी प्रत्येक कादंबरीची पूर्ण गोष्ट समजून घे, आणि ती खुशाल मराठीतून घे. ज्यूल व्हर्न मराठीत भा. रा. भागवतांनी आपल्या घरात आणला, शेरलॉक होम्सचेही अनुवाद आहेत. तालुक्याच्या वाचनालयात जाऊन विचार. मराठीतून वाचणं म्हणजे चोरवाट, असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस.

व्हर्नची ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ तुला विज्ञानाची विद्यार्थिनी म्हणून सोपी जायला हवी. फिलिअस फॉग २ ऑक्टोबर १८७२ला लंडनहून निघतो, ऐंशी दिवसांत जगाची फेरी पूर्ण करण्याची वीस हजार पौंडांची पैज लावून. मुंबईला उतरतो, तिथून रेल्वेने कलकत्त्याकडे. वाटेत कळतं की मधला लोहमार्ग अजून पूर्णच झालेला नाही, मग दोन हजार पौंड मोजून हत्ती विकत घेतो. सती जाण्यातून औदाची सुटका होते ती याच प्रवासात. शेवटी पैज हरलो असं वाटत असताना एक दिवस हातात उरतो. तो कसा उरतो हे पाठ करू नकोस, गणित मांड. पूर्वेकडे जाताना दर रेखांशाला दिवस चार मिनिटांनी लहान होतो. ३६० रेखांश गुणिले चार मिनिटं, १४४० मिनिटं, म्हणजे बरोबर चोवीस तास. एकदा स्वतः कागदावर केलंस की जन्मात विसरणार नाहीस. आणि हेही लक्षात ठेव, वीस हजार जिंकताना त्याने वाटेत जवळजवळ एकोणीस हजार उडवलेले असतात. मग या सगळ्या धावपळीत त्याला मिळालं काय? औदा. थीमवरचा प्रश्न आला तर इथून सुरुवात कर.

‘द साइन ऑफ फोर’ ही कॉनन डॉयलची १८९०ची कादंबरी. हिच्यात मुलं होम्सची हुशारी पाठ करतात आणि वॉटसनला विसरतात. खरं तर गोष्ट वॉटसन सांगतो, आणि सांगता सांगता मेरी मॉर्स्टनच्या प्रेमात पडतो. तिला आग्र्याचा खजिना मिळाला तर ती एवढी श्रीमंत होईल की आपण तिला मागणी कशी घालणार, या काळजीत तो असतो. खजिन्याची पेटी रिकामी निघते, सगळी रत्नं थेम्स नदीत गेलेली असतात, आणि वॉटसनला हायसं वाटतं. वॉटसनच्या स्वभावावर काय लिहायचं ते या एका प्रसंगात आहे.

याच कादंबरीबद्दल तू विचारलंस, अंदमानच्या टोंगाचं वर्णन वाचून कसंतरी झालं, पण असं उत्तरात लिहिलेलं चालेल का? चालेल. तुला जे वाटलं ते बरोबर आहे. हा खजिना १८५७च्या धामधुमीत आग्र्याच्या किल्ल्यात व्यापाऱ्याच्या वेशात आलेल्या एका माणसाचा खून करून मिळवलेला, पात्रं अंदमानच्या वसाहतीत शिक्षा भोगून आलेली, आणि हे सगळं लिहिणारा त्या वेळच्या राज्यकर्त्यांच्या देशातला. अंदमानी माणसाला त्याने जवळजवळ जनावरासारखं रंगवलं आहे. अंदमान म्हटल्यावर आपल्या घरांत ज्या आठवणी निघतात त्या कॉनन डॉयलच्या वाचकांच्या नव्हत्या. स्वतःचं मत विचारणारा प्रश्न आला तर हे शांतपणे, एका प्रसंगाचा दाखला देऊन लिही. मुद्देसूद मतभेद मांडल्याबद्दल गुण कापत नाहीत. लेखकाला शिव्या देऊ नकोस, एवढंच.

‘टू सर, विथ लव्ह’बद्दल थोडंच सांगते, कारण ती तू मन लावून वाचलीस तर शिकवायला काही उरतच नाही. लेखक ब्रेथवेटने त्यात स्वतःचीच गोष्ट सांगितली आहे. तो ब्रिटिश गयानातला, शिकलेला इंजिनिअर, महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात नोकरी केलेला. पण युद्ध संपल्यावर काळा म्हणून लंडनमध्ये त्याला त्याच्या शिक्षणाची नोकरी मिळत नाही, म्हणून तो ईस्ट एंडच्या शाळेत शिक्षक होतो. जो माणूस रोज अपमान गिळतो तोच वर्गातल्या उर्मट मुलांना एकमेकांशी आदराने बोलायला शिकवतो. हे एक सूत्र धर, प्रत्येक प्रसंग त्याला जोडता येईल.

राहिला पुस्तकातला कादंबरीच्या इतिहासाचा धडा. तिथे मात्र सरळ घोकंपट्टी कर. लेखक, कादंबरी, प्रकार असा तक्ता बनव, भिंतीवर लाव, दात घासताना वाच. त्यात समजून घेण्यासारखं फार नाही आणि गुण हमखास आहेत.

आता लिहिण्याबद्दल. रोज एक प्रश्न घे. पुस्तक मिटून त्याचं उत्तर आधी आजीला मराठीत सांग. ती मध्येच ‘मग?’ आणि ‘का गं?’ विचारेल, तिथे तुला काय समजलेलं नाही ते कळेल. मग तेच उत्तर सहा-सात लहान इंग्रजी वाक्यांत लिही. साधा वर्तमानकाळ वापर, काळ मध्येच बदलू नकोस. प्रत्येक दुसऱ्या वाक्यात गोष्टीतला एक तपशील येऊ दे: रेनकोट, हत्ती, रिकामी पेटी. गाइडमधले जडजंबाळ शब्द टाकून दे. ते तुझ्या वाक्यात वेगळे उठून दिसतात आणि मग बाकीचं उत्तरही पाठ केलेलं वाटू लागतं. फॉगचा नोकर पासपार्टू, ब्रेथवेट अशा नावांची स्पेलिंगं मात्र दहा-दहा वेळा गिरव.

कादंबरीचा विभाग पेपरच्या शेवटी येतो. बहुतेक वर्षी इंग्रजीचाच पेपर पहिला असतो, त्यामुळे आधीच धडधड असते, आणि तिसऱ्या तासाला हात दुखायला लागलेला असतो. तेव्हा सराव करतानाही आधी तासभर दुसरं काही लिहून मग कादंबरीचे प्रश्न सोडव. ताज्या हाताने लिहिलेल्या उत्तराला किती वेळ लागतो ते मोजून उपयोग नाही.

पुढच्या रविवारपर्यंत मला एवढं पाठव: चित्र्यांच्या कवितेत शेवटी एका अरुंद खिंडीतून उपखंडात शिरणारे भटके लोक येतात. लोकलमधून उतरलेल्या, दमून घरी आलेल्या माणसाला झोपताना नेमके तेच का आठवावेत? गाइड न उघडता, तुला जे वाटेल ते, पाच वाक्यांत. इंग्रजी चुकलं तर मी दुरुस्त करेन. वहीचा फोटो काढून पाठवलास तरी चालेल, फक्त अक्षर दिसेल असा काढ.

आईला नमस्कार सांग, आणि आजीला सांग की रोज संध्याकाळी अर्धा तास तुझ्यासाठी मोकळा ठेवायचा आहे.

तुझी,
बाई