‘स्टेप अप’ : शाबासकी की कानउघाडणी?

प्रश्न : वार्षिक मूल्यमापनात साहेबांनी ‘यू नीड टू स्टेप अप’ असा शेरा दिला आहे. हे कौतुक समजायचं की तक्रार? उत्तरादाखल ‘आय विल स्टेप अप द टीम’ असं लिहिलं तर चालेल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : तक्रारच आहे, पण सौम्य. कोणी सांगायची वाट न बघता पुढे होऊन जबाबदारी अंगावर घेणं, हा ‘स्टेप अप’चा अर्थ. त्याच्या आधी ‘नीड टू’ आलं की ‘अजून तुम्ही ते करत नाही’ हे ओघानेच आलं. ‘शी स्टेप्ड अप व्हेन द मॅनेजर लेफ्ट’ ही मात्र निखळ शाबासकी.

तुमचं वाक्य चुकेल. या अर्थाने ‘स्टेप अप’ला कर्म लागत नाही. कर्म जोडलंत की अर्थ ‘वाढवणं’ असा होतो : ‘स्टेप अप प्रॉडक्शन’, ‘स्टेप अप पेट्रोलिंग’. दरवर्षी हप्ता वाढत जाणाऱ्या ‘स्टेप-अप एसआयपी’तही तोच अर्थ आहे. तेव्हा ‘आय विल स्टेप अप अँड लीड द टीम’ लिहा. त्याहून बरं म्हणजे ठरावीक कामच सांगा : ‘आय विल स्टेप अप अँड हँडल द क्लायंट कॉल्स’. पुढच्या वर्षी साहेबांना ते तपासता येईल. बोलताना जोर ‘अप’वर द्या.

‘स्टेप इन’ आणि ‘टेक ओव्हर’ यांच्याशी गल्लत फार होते. डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला भारताचा दुसरा डाव ३६ धावांत आटोपला. त्यानंतर कोहली पितृत्व रजेवर मायदेशी परतला आणि मेलबर्नला अजिंक्य रहाणेने नेतृत्व केलं. तात्पुरती जागा भरली, म्हणून ‘रहाणे स्टेप्ड इन’. त्याने ११२ धावा काढल्या, भारत आठ गडी राखून जिंकला, म्हणून ‘रहाणे स्टेप्ड अप’. ‘टेक ओव्हर’मध्ये सूत्रं एकाकडून दुसऱ्याकडे जातात, पराक्रमाचा संबंध नाही : ‘कोहली टुक ओव्हर फ्रॉम धोनी’. यातलं ‘फ्रॉम’ गाळू नका. सर्वनाम मात्र मधेच येतं : ‘टेक इट ओव्हर’ बरोबर, ‘टेक ओव्हर इट’ चूक.

‘स्टेप डाउन’ म्हणजे पदावरून पायउतार होणं. जबाबदारी टाळणाऱ्यासाठी ते वापरू नका.