वाळवंटी डोंगरातला ट्रेक : पाणी, घसारा आणि कोरडा नाला

प्रश्न : वाटाड्याबरोबर वाळवंटी डोंगरात आठ तासांचा ट्रेक आहे. वाटेत पाणी मिळणार नाही. किती न्यावं?

उत्तर : साधारण उन्हात तासाला अर्धा लिटर, कडक उन्हातल्या चढावर पाऊण ते एक लिटर लागतं. आठ तास सलग चढ नसतो, त्यामुळे पाच ते सहा लिटर धरा. ते पाच-सहा किलो ओझं जड वाटेल. कमी करायचं तर बाकीचं सामान करा. सगळं पाणी एकाच पिशवीत भरू नका. धारदार कातळाला घासून ती फाटली, तर दिवसभराचं पाणी जातं. निम्मं बाटल्यांत हवं.

कोरड्या हवेत घाम लगेच उडतो, म्हणून अंग कोरडं असलं तरी पाणी जातच असतं. सदऱ्यावरचे मिठाचे पांढरे डाग ही त्याची खूण. मात्र तहान नसताना नुसतं पाणी पीत राहणंही घातक. रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं. उन्हाचा त्रासही असाच सुरू होतो, म्हणून सोबती आणखी पाणी पाजतात आणि माणूस खालावतो. भरपूर पाणी पिऊन झालंय, पोट डचमळतंय, बोटं सुजलीत, तर पाणी थांबवा आणि खारट काही खायला द्या. माणूस बरळू लागला किंवा त्याचा तोल जाऊ लागला, तर कारण कुठलंही असो, ट्रेक तिथेच संपला. मदत मागवा. अंग तापलेलं असेल तर सावलीत न्या, अंगावर पाणी ओतून वारा घाला. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

निम्मं पाणी संपलं आणि निम्मी वाट झालेली नाही, हे वाटाड्याला त्याच क्षणी सांगा. संकोचापायी गप्प राहिलेल्या एकामुळे सगळा गट अडकतो.

प्रश्न : चढ जमतो, पण उतरताना घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगडमातीच्या उतारावर, पाय सुटतात.

उत्तर : भीतीनं आपण मागे रेलतो, वजन टाचेमागे जातं आणि पाय पुढे निसटतो. गुडघे किंचित वाकवा, वजन पावलांच्या बरोबर वर ठेवा, पावलं छोटी टाका. कातळटप्प्यावर दोन हात, दोन पाय यांतले तीन पक्के टेकल्याशिवाय चौथा हलवू नका. खोबणीवर भार देण्याआधी दगड ठोकून बघा. पोकळ वाजला तर सोडून द्या. वालुकाश्म पावसानंतर वरून सुकलेला दिसतो, पण आतून ओला आणि ठिसूळ असतो. तिथे एक-दोन दिवस थांबलेलंच बरं.

गटात एकाच्या थेट खाली दुसरा नको. अरुंद घळीतून एकेकानं उतरावं, बाकीच्यांनी आडोशाला थांबावं. दगड सुटला की ‘दगड!’ असं ओरडायचं. खालच्यानं वर न बघता कड्याला चिकटायचं.

प्रश्न : आभाळ निरभ्र असूनही वाटाड्या कोरड्या नाल्यात जेवायला बसू देत नाही. का?

उत्तर : योग्यच करतो. पाऊस कित्येक किलोमीटर दूर, नाल्याच्या वरच्या अंगाला पडलेला असू शकतो. उघड्या कातळात पाणी मुरत नाही, ते थेट घळीत उतरतं. घुमणारा आवाज आला किंवा ओहळ अचानक गढूळला, तर सॅक सोडून बाजूच्या उंचवट्यावर चढा. नाल्याच्या दिशेनं खाली पळू नका, लोंढा माणसाला गाठतोच.